मशीनने ‘निगेटिव्ह’ म्हटलेलं एक सॅम्पल: ऑटोमॅटिक एएनए रीडिंगची एक पूर्ण केस

पन्नाशीच्या आसपासची एक बाई. कित्येक महिने अंगाला खाज, रात्री जास्तच, पण अंगावर पुरळ वगैरे काही नाही, आणि सोबत असा थकवा की दुपारी पडल्याशिवाय संध्याकाळची कामं होत नाहीत. आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं, थायरॉइड बघून झालं, ते नॉर्मल. मग कुणीतरी लिव्हर फंक्शन टेस्ट लिहून दिली तर अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा प्रवाह अडला की वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीच्याही पुढे, जीजीटी वाढलेलं, बिलिरुबिन मात्र ठीक. सोनोग्राफीत खडा नाही, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत. आता ऑटोइम्यून काहीतरी असेल म्हणून फिजिशियननी एएनए, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींच्या न्यूक्लियसविरुद्ध (केंद्रकाविरुद्ध) बनवलेल्या अँटिबॉडीजची टेस्ट, सांगितली आणि रिपोर्ट आला, एएनए इम्युनोफ्लोरोसन्स पद्धतीने, निगेटिव्ह.

ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय, लॅबचं आणि मशीनच्या कंपनीचं नाव पण घेणार नाहीये, कारण हे कुठल्याही लॅबमध्ये, कुठल्याही मशीनवर होऊ शकतं आणि मला तेच सांगायचंय.

त्या निगेटिव्ह रिपोर्टमुळे ऑटोइम्यून हा विषयच मागे पडला. औषधाने लिव्हरवर परिणाम झालाय का, फॅटी लिव्हर आहे का, असं बरंच शोधून झालं, यात काही महिने गेले. शेवटी लिव्हरच्या स्पेशालिस्टनी फक्त लक्षणं आणि फॉस्फटेज बघून वेगळी टेस्ट सांगितली, एएमए म्हणजे मायटोकॉन्ड्रियाविरुद्धच्या अँटिबॉडीज. ती उंदीरवर्गीय प्राण्याच्या किडनी-जठर-लिव्हरच्या टिश्यूवर करतात. चांगल्या टायटरला, म्हणजे सिरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) बरंच पातळ करूनही, पॉझिटिव्ह आली, एम-टू ची (या अँटिबॉडीज मायटोकॉन्ड्रियातल्या ज्या प्रोटीन्सना चिकटतात त्यांची) वेगळी टेस्टही पॉझिटिव्ह. निदान झालं, प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस, पीबीसी. हा लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा आजार आहे, रुग्णांमध्ये बायका खूप जास्त. २०१५ पर्यंत याच्या नावात सिरॉसिस होतं, ते बदललं कारण वेळेत सापडलं तर बहुतेकांना सिरॉसिस झालेलाच नसतो. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज, एएमए १:४० किंवा त्याहून वर, आणि बायोप्सीतला नेमका बदल. इथे पहिल्या दोन होत्याच त्यामुळे सुई टोचायची वेळ आली नाही आणि उर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड सुरू झालं, वजनाच्या दर किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅम.

आता प्रश्न असा की पीबीसीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये एएमए असते, आणि हेप-टू पेशींमध्ये (एएनए टेस्टसाठी काचेवर वाढवलेल्या मानवी पेशी) मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात. म्हणजे या बाईंचं सिरम जेव्हा एएनएच्या स्लाइडवर घातलं गेलं तेव्हा त्या अँटिबॉडीज तिथे चिकटल्याच असणार. मग दिसल्या कशा नाहीत?

दिसल्या होत्या. स्पेशालिस्टनी लॅबला फोन करून विचारलं तेव्हा लॅबने साठवलेल्या इमेजेस उघडल्या आणि दुसऱ्या नजरेसाठी त्या माझ्याकडे आल्या. न्यूक्लियस जवळजवळ काळे, आणि त्यांच्याभोवती सगळ्या सायटोप्लाझममध्ये (न्यूक्लियसबाहेरच्या पेशीच्या भागात) जाडसर दाणे, धाग्यासारखे एकामागे एक लागलेले, जाळीसारखे पसरलेले. फार झगझगीत नाही, पण पॅटर्न इतका स्पष्ट की शिकायला आलेल्या मुलाला दाखवला असता तरी त्याने सांगितलं असतं. याला आंतरराष्ट्रीय यादीत नंबर आहे, एसी-२१. लॅबमधली टेक्निशियन स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाली, "मॅडम, हे तर आम्ही उघडलंच नव्हतं." तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ते न उघडणं हा कामाच्या ठरलेल्या पद्धतीचाच भाग होता.

थोडं मागे जाऊन टेस्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं लागणार नाही. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णांच्या बोन मॅरोत एलई सेल (दुसऱ्या पेशीचा न्यूक्लियस गिळलेली पांढरी पेशी) सापडली, मग १९५७ मध्ये जॉर्ज फ्रिओ यांनी रुग्णाच्या सिरममधल्या अँटिबॉडीज चमकणाऱ्या रंगाने दाखवायची पद्धत ल्युपससाठी वापरली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. काचेवर हेप-टू पेशींचा थर, त्यावर पातळ केलेलं सिरम, १:८० किंवा १:१६०, मग धुवायचं, मग मानवी अँटिबॉडीला चिकटणारी हिरवी चमकणारी दुसरी अँटिबॉडी, परत धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. न्यूक्लियस एकसारखा हिरवा, ठिपकेदार, फक्त न्यूक्लिओलस चमकतोय, सेंट्रोमिअरचे ठिपके, असं जे दिसेल त्यावरून आजाराची दिशा कळते. अडचण एवढीच की हे माणसाच्या डोळ्यावर आणि सरावावर आहे. दोन अनुभवी माणसं एकाच स्लाइडला एक १:१६० आणि एक १:३२० म्हणतात, दिवसाच्या शेवटी तोच माणूस स्वतःशीच सहमत नसतो. म्हणून पॅटर्नची नावं आणि वर्णनं एकसारखी करण्याचं आयकॅप नावाचं आंतरराष्ट्रीय काम उभं राहिलं, त्याची पहिली कार्यशाळा २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोला झाली, एसी-१, एसी-२ हे नंबर त्यातूनच आले. आणि म्हणूनच मशीन पण आली, मोटरवर चालणारा मायक्रोस्कोप, कॅमेरा आणि इमेज वाचणारं सॉफ्टवेअर. मी या मशीनच्या बाजूची आहे हे आधीच सांगते, अंधाऱ्या खोलीत डोळे फोडत बसायचे दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही.

पण मशीन नक्की बघतं काय, हे रिपोर्टवर सही करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. या लॅबमधल्या पद्धतीत पेशींना दोन रंग असायचे. एक तो हिरवा, अँटिबॉडीचा. दुसरा डीएपीआय, निळा, जो डीएनएला चिकटतो, म्हणजे सिरम कसंही असलं तरी प्रत्येक न्यूक्लियस निळा दिसणारच. सॉफ्टवेअर आधी निळ्या चॅनेलवर फोकस करतं, न्यूक्लियस कुठे आहेत ते शोधतं, त्यांच्या कडा आखून मास्क बनवतं, आणि मग हिरव्या चॅनेलमध्ये त्या मास्कच्या आत किती उजेड आहे ते मोजतं. पेशी शोधायला हा मार्ग खरंच चांगला आहे कारण निगेटिव्ह सॅम्पलमध्ये हिरवं काहीच नसतं, निळा रंग नसेल तर मशीनला पेशीच सापडणार नाहीत आणि रिकामी वेल (स्लाइडवरची एका सॅम्पलची जागा) आणि निगेटिव्ह वेल यातला फरकच कळणार नाही.

आता या बाईंची इमेज त्या नजरेने बघा. न्यूक्लियसचा मास्क आखला, आत उजेड मोजला, तो कमी, कारण एसी-२१ मध्ये चमक न्यूक्लियसच्या बाहेर असते. पेशी जाड असते म्हणून वरखालच्या सायटोप्लाझमचा थोडा धुरकट उजेड न्यूक्लियसच्या जागीही येतो, पण तो कटऑफच्या खाली राहिला. फोकस न्यूक्लियसच्या पातळीवर असल्यामुळे दाणे पण थोडे मऊ झाले. मशीनने त्याला शिकवलेल्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलं. न्यूक्लियसमध्ये काही आहे का? नाही. मास्कच्या बाहेर काय आहे हा प्रश्न त्या सेटिंगमध्ये कुणी विचारलेलाच नव्हता. सायटोप्लाझम मोजायचं फीचर त्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, फक्त ते निगेटिव्ह-पॉझिटिव्हच्या पहिल्या निर्णयात धरलेलं नव्हतं, मशीन बसवताना जे सेटिंग आलं तेच चालू राहिलं.

असं का होतं याचं एक मूळ मला या क्षेत्राच्या इतिहासात दिसतं. हेप-टू इमेज कॉम्प्युटरने ओळखायच्या कामाला जोर आला तो स्पर्धांमुळे. २०१२ च्या आयसीपीआर या पॅटर्न रेकग्निशनच्या परिषदेसोबत पहिली मोठी स्पर्धा झाली, इटलीतल्या सालेर्नो विद्यापीठातल्या लोकांनी भरवलेली. डेटा किती, तर २८ इमेजेस, त्यातून कापलेल्या १,४५५ पेशी, सहा वर्ग. २०१३ च्या स्पर्धेत ट्रेनिंगसाठी १३,५९६ पेशींच्या इमेजेस दिल्या गेल्या, ऑस्ट्रेलियातल्या एका लॅबच्या सॅम्पल्सवरून बनवलेल्या, परत सहा वर्ग: होमोजिनिअस, स्पेकल्ड, न्यूक्लिओलर, सेंट्रोमिअर, न्यूक्लियर मेम्ब्रेन आणि गॉल्जी. हे सहा परत वाचा. न्यूक्लियसच्या बाहेरचा फक्त गॉल्जी, मायटोकॉन्ड्रियाचा वर्गच नाही. या स्पर्धांनी खूप चांगलं काम केलं, सगळ्यांना एकाच डेटावर तुलना करता आली, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातून एक सवय लागली की ‘पेशी’ म्हणजे न्यूक्लियसभोवती कापलेला चौकोन, आणि ‘चांगलं मॉडेल’ म्हणजे त्या चौकोनाला सहापैकी बरोबर लेबल लावणारं. लॅबमध्ये मात्र आधीचा प्रश्न असतो, या वेलमध्ये बघण्यासारखं काहीही आहे का. आणि तो प्रश्न चौकोनाचा नाही, अख्ख्या इमेजचा आहे.

अजून एक गोष्ट जी मॉडेल बनवणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, एकाच स्लाइडवरच्या पेशी एकमेकींसारख्याच दिसतात, तीच चमक, तोच धूसरपणा, तेच सिरम. त्यातल्या काही ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये टाकल्या की आकडे छान येतात आणि नवीन रुग्णावर कोसळतात. वाटणी रुग्णानुसारच करायची. २८ इमेजेस म्हणजे १,४५५ स्वतंत्र पुरावे नव्हेत, फार तर २८.

तर मशीनकडून हे सुटलं, ठीक, पण मशीन एकटं रिपोर्ट देत नाही, सही माणसाची असते. मग माणसाकडून कसं सुटलं? मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. मशीन आल्यावर काम असं विभागलं गेलं की मशीनने पॉझिटिव्ह म्हटलेल्या वेल डॉक्टर एकेक उघडून बघणार, पॅटर्न दुरुस्त करणार, टायटर ठरवणार, कारण तिथे मशीन चुकतं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि निगेटिव्ह? ते यादीत एकत्र निवडून एका क्लिकमध्ये कन्फर्म. यामागे आळस नव्हता. एएनएसाठी येणाऱ्या सॅम्पल्समध्ये निगेटिव्हचा ढीग मोठा असतो आणि मशीन घेतलंच होतं त्या ढिगावरचा वेळ वाचावा म्हणून. शिवाय पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या बाबतीत मशीन आणि माणूस यांचं चांगलं जुळतं, पॅटर्नच्या बाबतीत कमी जुळतं, हे बऱ्याच अभ्यासांत आलेलं आहे, त्यामुळे लक्ष पॅटर्नकडे गेलं ते साहजिक होतं. पण याचा परिणाम असा की मशीनने चुकून पॉझिटिव्ह म्हटलं तर ती चूक त्याच दिवशी पकडली जाते, आणि चुकून निगेटिव्ह म्हटलं तर ती पकडायची कुठलीच जागा उरत नाही. ती रुग्णाच्या घरी जाते. जुळण्याचे आकडे इथे उपयोगाचे नाहीत, कारण शंभर सॅम्पल्समध्ये एसी-२१ एखादंच असेल किंवा नसेलही, ते सगळेच्या सगळे सुटले तरी एकूण जुळणीचा आकडा जेमतेम हलतो.

त्यात फॉर्मची भर. लॅबकडे आलेल्या चिठ्ठीवर फक्त एएनए लिहिलेलं होतं, खाज, फॉस्फटेज, काहीच नाही. पीबीसीचा संशय असा एक शब्द असता तरी कुणीतरी वेल उघडली असती, आणि खरं तर एएमए थेटच मागवली गेली असती. आणि समजा वेल उघडली असती, तरी रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये न्यूक्लियर पॅटर्नचाच रकाना होता. सायटोप्लाझममध्ये चमक असेल तर त्याला एएनए पॉझिटिव्ह म्हणायचं का निगेटिव्ह, यावर जगभरात अजून एकमत नाही. आयकॅपच्या यादीत सायटोप्लाझमचे पॅटर्न एसी-१५ ते एसी-२३ असे रीतसर आहेत, पण त्यांना कुठल्या खात्यात टाकायचं हे ठिकाणानुसार बदलतं. माझं मत सरळ आहे, खातं काहीही ठेवा पण जे दिसलं ते रिपोर्टवर शब्दात लिहा. फिजिशियनला ‘निगेटिव्ह’ एवढंच दिसलं तर तो पुढे वाचणार नाही, आणि त्याचं काही चुकतंय असंही नाही.

नंतर लॅबने काय बदललं ते सांगते. पहिलं, एका क्लिकमध्ये सगळे निगेटिव्ह कन्फर्म करणं बंद. प्रत्येक निगेटिव्ह वेलची हिरवी इमेज स्क्रीनवर माणसाने बघायचीच, छोट्या आकारात ओळीने लावून, आणि खरं सांगायचं तर सरावाच्या माणसाला एका वेलला काही सेकंदच लागतात, अंधाऱ्या खोलीच्या मानाने हे काहीच नाही. दुसरं, सायटोप्लाझमचं मोजमाप पहिल्या निर्णयात घेतलं: न्यूक्लियसच्या मास्कभोवती एक कडं आखायचं, त्यातला उजेड मोजायचा, आणि कड्याचा उजेड न्यूक्लियसपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर वेलवर खूण. तिसरं, प्रत्येक रनमध्ये कंट्रोल म्हणून आधी होमोजिनिअस पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एवढेच असायचे, आता एक एएमए पॉझिटिव्ह सिरम पण लावतात. हे मला सगळ्यात आवडलं, कारण जुन्या कंट्रोलने मशीन न्यूक्लियस बघतंय एवढंच सिद्ध व्हायचं, आणि पुढे कुणी सेटिंग बदललं, सॉफ्टवेअर अपडेट झालं, तर हे सिरम ‘निगेटिव्ह’ आल्याबरोबर रन थांबेल. चौथं, टेम्प्लेटमध्ये ओळ आली: न्यूक्लियर पॅटर्न निगेटिव्ह, सायटोप्लाझममध्ये जाळीदार पॅटर्न, एसी-२१, एएमए तपासणी करावी.

आणि जुन्या निगेटिव्ह इमेजेस परत बघायला घेतल्या. इथे मशीनचं श्रेय मशीनला द्यायलाच हवं. हाताने वाचायच्या काळात फ्लोरोसन्स काही दिवसांत फिका पडायचा, स्लाइड टाकून दिली जायची, आणि काय दिसलं होतं याचा पुरावा म्हणजे रजिस्टरमधली एक ओळ. तेव्हाही एसी-२१ सुटत असणार, फक्त सुटलं हे कुणाला कधी कळलं नाही. इथे इमेज होती म्हणून मूळ कारणापर्यंत पोचता आलं. म्हणून निगेटिव्हच्या इमेजेस जागा वाचवायला डिलीट करू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे, परत तपासायची गरज पॉझिटिव्हपेक्षा त्यांचीच जास्त असते.

या सगळ्याची किंमत पण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कड्याचं मोजमाप सुरू केल्यावर खुणा वाढल्या. बऱ्याच लोकांच्या सिरममध्ये सायटोप्लाझमची फिकी, बारीक दाण्यांची चमक असते आणि तिला आजाराच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. न्यूक्लियसच्या बाजूनेही हेच आहे, १९९७ मध्ये टॅन आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचा जो अभ्यास केला त्यात १:४० ला ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक एएनए पॉझिटिव्ह होते. म्हणजे कटऑफ खाली ओढला की कमी रुग्ण सुटतील हे खरं, पण सोबत धडधाकट माणसांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद जातो, आणि तो घेऊन ती माणसं रात्रभर ल्युपसबद्दल वाचत बसतात. तोही त्रासच आहे. त्यामुळे लॅबने ठरवलं की कड्याची खूण म्हणजे फक्त ‘माणसाने थांबून बघा’, तिच्यावरून आपोआप काहीही छापायचं नाही. फिकी बारीक चमक आणि जाडसर जाळीदार दाणे यातला फरक सध्या तरी डोळ्याला जास्त चांगला कळतो. मॉडेलला तो शिकवता येईल, नक्की येईल, पण त्यासाठी एसी-२१ च्या पुरेशा वेगवेगळ्या रुग्णांच्या इमेजेस लागतील, वेगवेगळ्या लॉटच्या (बनवताना निघालेल्या बॅचच्या) स्लाइड्सवरच्या, आणि फिक्या-बिनमहत्त्वाच्या सायटोप्लाझमच्या त्याहून जास्त.

लॉटवरून एक बाकी राहिलेली गोष्ट. कड्यासाठी जो आकडा लॅबने ठरवला तो एका लॉटच्या स्लाइड्सवर ठरवलेला होता. नवीन लॉट आला की पेशींची दाटी बदलते, दाट पेशींमध्ये शेजारच्या पेशीचं सायटोप्लाझम कड्यात घुसतं, हिरव्या रंगाची ताकद बदलते, मायक्रोस्कोपचा दिवा जुना होतो. म्हणून प्रत्येक नवीन लॉटला आधीची काही साठवलेली सिरम्स, त्यात दोन-तीन एएमए पॉझिटिव्ह आणि तेवढीच फिक्या सायटोप्लाझमची, परत चालवून आकडा तपासायचा असं ठरलंय. साठवलेली एएमए सिरम्स संपत आली की नवीन मिळवणं कठीण जातं, त्यामुळे लिव्हरच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय की निदान पक्कं झालेल्या रुग्णाने संमती दिली तर थोडं उरलेलं सिरम आमच्यासाठी ठेवा. या बाईंनी स्वतःहून दिलं. त्यांचं फॉस्फटेज औषधावर खाली यायला लागलंय, खाज मात्र अजून पूर्ण गेलेली नाही, तिच्यासाठी वेगळं औषध चालू आहे.